दोरी कोणी बांधली

अनेक उत्तम आशीर्वाद.

भाषणासाठी केलेलं तुझं टिपण शनिवारी मिळालं. एकदा सरळ वाचलं, एकदा पेन्सिल घेऊन. खुणा बऱ्याच झाल्यात, पण विषय हेरलास तो मला आवडला हे आधी सांगून टाकतो. नाहीतर मुलांना वाटतं, सर फक्त चुका काढतात. (सर फक्त चुकाच काढायचे, हेही खरंच.)

मथळा दिला आहेस, 'प्रेमासाठी कायदे झुगारणारा हवाईचा राजा', म्हणजे तिसरा कामेहामेहा, आणि प्रेम ते काओमी नावाच्या पुरुषावरचं. आणि शेवटी समलिंगी प्रेमाबद्दलचं मामांचं ते वाक्य, 'ही सगळी पाश्चात्त्य थेरं', आणि त्यावर तुझं उत्तर: थेरं नव्हे, लाज पाश्चात्त्य, ती १८२० साली बोस्टनहून जहाजात बसून आली. वाक्य झकास आहे. टाळी नक्की पडेल. तरी मी त्याच्याखाली रेघ ओढली आहे, कारण ते अर्धंच खरं आहे. आणि तुझ्या कामाचं जे आहे ते उरलेल्या अर्ध्यात आहे.

आधी खरा अर्धा. 'थॅडियस' नावाचं जहाज ऑक्टोबर १८१९ मध्ये बोस्टन सोडून निघालं आणि एप्रिल १८२० मध्ये त्यातल्या मिशनऱ्यांनी हवाईतल्या कोनाच्या किनाऱ्यावर पाय ठेवला. त्यांना पाठवणारी संस्था होती अमेरिकन बोर्ड. हे नाव तुझ्या कानावरून गेलं नसेल, आम्हा नगरकरांच्या मात्र घरातलं आहे. (नाव बदललंय ठाऊक आहे, पण आम्ही अजून नगरच म्हणतो.) याच बोर्डाची माणसं हवाईच्या सात वर्षं आधी, १८१३ मध्ये, मुंबईत उतरली होती आणि १८३१ पासून आमच्या गावात. माझी आजी अशाच एका शाळेत अक्षर शिकली. म्हणून मला त्यांच्याबद्दल तुझ्याइतकं फटकन बोलता येत नाही.

बोस्टनहून त्यांचं 'मिशनरी हेरल्ड' निघायचं. त्याचे बांधीव खंड मी तरुणपणी एका ग्रंथालयात चाळले आहेत. पान उलटलं की कडेचा चुरा टेबलावर पडायचा आणि दुपारी उठताना शर्टाच्या बाह्या तपकिरी झालेल्या असायच्या. मी शोधत होतो मुंबई-नगरची पत्रं. पण त्याच बांधणीत, चार पानं पुढे, 'सँडविच बेटं', म्हणजे हवाईच. त्या लोकांसाठी मराठी माणूस आणि हवाईचा माणूस एकाच शिवणीत होते. इकडे मूर्तिपूजा, तिकडे हूला नाच. इकडे जातिभेद, तिकडे 'अनाचार'. भाषा तीच, सूर तोच. काओमी मला पहिल्यांदा अशा मिशनऱ्यांच्या कागदांत भेटला, वाईट संगत म्हणून.

आता आइकाने या हवाईयन शब्दाबद्दल. तू त्याचं भाषांतर 'समलिंगी' करून टाकलं आहेस. काढ ते. आइकाने म्हणजे माणसाचा प्रकार नव्हे, नातं. समलिंगी जिवलग, त्यात शरीर येतं, निष्ठा येते, आणि सरदारांच्या घरात असेल तर सत्तेतला वाटाही येतो. १७७९ मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजांवरच्या लोकांनी रोजनिशीत लिहून ठेवलं आहे की राजा कालानिओपूउचे आइकाने आहेत आणि ते कोणी लपवत नाही. लिहिणाऱ्या गोऱ्यांनाच घाम फुटला होता. बायकांमध्येही तोच शब्द चाले. ज्वालामुखीची देवी पेले आणि तिची धाकटी बहीण हिइआका यांच्या कथेत हिइआकाची आइकाने आहे होपोए, जिने तिला हूला शिकवला. हिइआका लांबच्या कामगिरीवर निघते तेव्हा थोरल्या बहिणीकडून एकच वचन घेते: माझी लेहुआची झाडं आणि माझी होपोए यांना धक्का लागता कामा नये. तिला परतायला उशीर होतो, पेलेचा संशय चळतो, आणि लाव्हा होपोएवरून जातो. या कथेत प्रेमाला कोणी पाप म्हणत नाही. आग लावते ती थोरली बहीण, मत्सरापोटी. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

पण आइकाने म्हणजे आजच्यासारखी बरोबरीची जोडी असंही समजू नकोस. एक बहुधा वरचा असे, दुसरा मर्जीतला. मर्जीचं काय होतं ते आपल्या बखरी वाचणाऱ्याला सांगायला नको.

आता राजा. काउइकेआओउली, म्हणजे तिसरा कामेहामेहा. तू त्याला थेट १८३३ मध्ये, विशीत उभा केलास. मागे जा, केआउहोउच्या खाडीपर्यंत. १८१४ च्या सुमाराला तिथे तो जन्मला तो निपचित. मूल गेलं असंच सगळ्यांनी धरलं. काइकिओएवा नावाचा सरदार आपल्या द्रष्ट्याला घेऊन आला. मुलाला धुऊन एका शिळेवर ठेवलं, पाणी शिंपडलं, प्रार्थना म्हटल्या, आणि मूल हललं. ती शिळा आजही दाखवतात. १९१४ मध्ये तिथल्या फलकाचं अनावरण हवाईची शेवटची राणी लिलिउओकालानी हिने केलं, जिचं राज्य १८९३ मध्ये उलथवलं गेलं आणि उलथवणाऱ्यांत पुढे मिशनऱ्यांची मुलं-नातवंडं होती. असो. जगलेलं मूल काइकिओएवाने नेलं आणि आपल्या घरी वाढवलं. हा माणूस तुझ्या टिपणात नावापुरताही नाही. माझ्या मते गोष्ट त्याचीही आहे.

१८२५ मध्ये, अकरा-बारा वर्षांचा असताना, थोरला भाऊ लंडनमध्ये गोवराने गेल्यावर हा पोरगा राजा झाला. राजा म्हणजे साताऱ्याचे छत्रपती म्हण, कारभार पुण्यात. इथलं पुणं म्हणजे काआहुमानू, बापाची लाडकी राणी, आता कुहिना नुई, सह-शासक. जुनी कापू व्यवस्था, म्हणजे सोवळं-ओवळं आणि बायकांनी पुरुषांबरोबर जेवायचं नाही हे सगळं, तिने आणि राजघराण्यातल्या इतरांनी १८१९ मध्येच मोडलं होतं. मिशनरी तोवर जहाजातही नीट स्थिरावले नव्हते! जुना कायदा गेला आणि जागा रिकामी झाली. काआहुमानूने बाप्तिस्मा घेतला आणि त्या जागी नवा कायदा आणून बसवला. १८३० मध्ये जाहीर हूलावर बंदी आली, ती तिच्या तोंडून. मिशनरी मतं देत होते, हुकूम देत होते ते हवाईचे सरदार.

जून १८३२ मध्ये काआहुमानू गेली. पोरगा अठरा-एकोणीस वर्षांचा, पहिल्यांदा डोक्यावर कोणी नाही. आणि आता काओमी.

काओमीचा बाप बोराबोराचा, ताहितीकडच्या बेटावरचा. तो स्वतः एके काळी ख्रिस्ती धर्म शिकवणारा, काआहुमानूच्या वर्तुळातला. हे तू गाळलंस. का, कळलं नाही. पाद्र्यांच्या बाकावरून उठून गेलेला माणूस आहे तो, त्यामुळेच त्यांना जास्त झोंबला. त्याला थोडी वैद्यकी येत होती, अंग चाचपून दुखणं ओळखायची विद्या. राजाच्या दुखण्याला त्याच्या हाताने उतार पडला. मग दोघं एकत्रच. लोक काओमीला 'मोई कुई' म्हणू लागले, जोडून घेतलेला राजा. कुई म्हणजे सांधणं, जोडणं. मला त्यावरून कलमी आंबा आठवतो; झाड एकाचं, फांदी दुसऱ्याची, फळाला नाव मात्र फांदीचं.

१८३३ मध्ये राजाने चोरी-खून यांसारखे गुन्हे सोडून बाकीचे कायदे बाजूला सारले. हूला परतला, खेळ परतले, दारूच्या भट्ट्या पेटल्या, मिशनच्या शाळा ओस पडल्या. हे सगळं 'काओमीचा काळ' म्हणून तिथल्या इतिहासात ओळखलं जातं. एका माणसाच्या नावाने काळ! आपल्याकडेही 'नाना फडणिसांच्या वेळी' म्हणतात, पण नाना कोणाचा प्रियकर म्हणून काळाला नाव देऊन गेला नाही.

इथे थांब आणि तुझ्या मथळ्याकडे बघ. प्रेमासाठी कायदे झुगारले? दारूभट्टी प्रेमासाठी पेटते का? विशीतल्या पोराला लहानपणापासून चालवलं गेलं होतं, ते त्याने झुगारलं, आणि त्यात प्रेम होतं. सरदारांना खुपलं ते अंथरूण थोडं आणि दुसरंच जास्त. काओमीच्या हातात राजाने जमिनी, कापडचोपड, पैसा वाटायचा अधिकार दिला होता. कमी कुळातला एक अर्धा ताहिती माणूस सरदारांना आणि सामान्यांना जमिनी वाटतोय. सांग, नीतीचा कळवळा कोणाला येणार नाही?

मग तो प्रसंग. काइकिओएवाने, आता काउआई बेटाचा म्हातारा गव्हर्नर, काओमीला पकडलं, त्याचे हात पाठीमागे बांधले आणि किनाउच्या दारात नेलं. किनाउ ही राजाची सावत्र बहीण, काआहुमानूच्या जागी आलेली. बेत जीव घेण्याचाच होता. एका सेवकाने धावत जाऊन राजाला सांगितलं. राजा आला आणि त्याने स्वतःच्या हातांनी दोरी सोडवायला घेतली. म्हातारा आडवा आला. दोघांची झटापट झाली. ज्याने शिळेवरून उचलून वाढवलं त्याच्याशी तो जमिनीवर लोळण घेत झुंजला. राजा वरचढ ठरला. म्हाताऱ्याने सुनावलं की असं वागणारा राजा राजाच नव्हे. राजाने काओमीला घेतलं आणि निघून गेला.

आता सांग, त्या अंगणात बोस्टनचा माणूस कुठे आहे?

मामांना उत्तर देताना तू सगळं जहाजावर घातलंस. मिशनऱ्यांनी शब्द आणले, 'पाप' आणला, छापखाना आणला. पण दोरी काइकिओएवाने वळली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मामा उद्या तुला विचारतील, 'अरे, आपल्याकडे कुठलं बोस्टन?' तर तुझ्याकडे उत्तर नसेल, कारण तू बोस्टनच्या बाहेर बघितलेलंच नाहीस. (खरं तर आपल्याकडेही समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं कलम ३७७ होतं, १८६० चं, साहेबाने लिहिलेलं. पण २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा डंख काढला, म्हणून मामांचं मत त्या दिवशी बदललं का?)

अजून एक नाव तुझ्या टिपणात नाही. नाहिएनाएना, राजाची सख्खी बहीण. तू का गाळलंस ते मला पुरतं कळतं. राजघराण्यात भाऊ-बहिणीचं लग्न म्हणजे सर्वांत शुद्ध वंश, देवत्वाजवळ जाणारा. सरदारांनी लहानपणापासूनच त्यांचं ठरवल्यासारखं होतं. मिशनऱ्यांच्या दृष्टीने ते महापाप, आणि तुझ्या श्रोत्यांच्याही. १८३४ मध्ये दोघं जुन्या रीतीने एकत्र आली. ती पोर मिशनच्या शिकवणीत वाढलेली. एक पाय चर्चमध्ये, एक भावाच्या घरात. डिसेंबर १८३६ मध्ये, एकवीस वर्षांची असताना ती गेली. तिचं बाळ त्याच्या आधीच, जन्मल्यावर काही तासांत गेलं होतं. राजा तिच्या कबरीजवळ लाहाइनाला जाऊन राहिला.

तिला गाळून उरलेला राजा पोस्टरवर छान दिसतो. पण मिशनऱ्यांनाही त्याच्यातलं नको ते गाळून छान राजाच हवा होता. तू त्यांचीच कात्री हातात घेतली आहेस, फक्त दुसऱ्या ठिकाणी कापलंस. भाषणात दोन वाक्यं तिला दे. लोक अस्वस्थ होतील. होऊ देत.

काओमीची सद्दी दोन-एक वर्षांची. मग सरदारांचं पारडं जड झालं. राजाने १८३७ मध्ये लग्न केलं, १८४० मध्ये राज्यघटना दिली, ब्रिटिश कप्तानाने गिळलेलं राज्य १८४३ मध्ये परत मिळालं तेव्हा झेंडा पुन्हा चढवला. आणि १८५० मध्ये, त्याच्याच राज्यात, जो दंडसंहितेचा ग्रंथ झाला त्यात पुरुष-पुरुष संबंध गुन्हा म्हणून बसले. हे मात्र तू लिहायला हवं होतंस. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा संध्याकाळी जेवण गेलं नाही मला. दोरी सोडवणारा माणूस छत्तिसाव्या वर्षी कसा झाला असेल, ते तुझं आजचं वय बघून तुला सांगण्यात अर्थ नाही.

त्याच्यामागे काय झालं ते थोडक्यात सांग, पण सांग. कालाकाउआ राजा १८८१ मध्ये जगप्रवासात कलकत्त्याहून रेल्वेने आपल्या मुंबईत आला होता, हे तुझ्या पुणेकरांना आवडेल. त्याने १८८३ च्या राज्याभिषेकात हूला जाहीर नाचवला, तर कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यावर अश्लीलतेचा खटला. पुढे १९९३ मध्ये हवाईच्याच सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला नकार देणं तपासून बघा म्हटलं. १९९८ मध्ये मतदारांनी ती वाट अडवली. २०१३ मध्ये कायदा झाला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने हात वर केले. वीस मिनिटांत एवढं पुरे.

एक गोष्ट साधनांबद्दल. दोरीचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे तो सॅम्युएल कामाकाउमुळे. हवाईचा माणूस, पण मिशनच्या लाहाइनालुना शाळेत शिकलेला, काओमीच्या काळाला भ्रष्ट काळच म्हणणारा. १८६० च्या दशकात त्याने हवाईयन वर्तमानपत्रांत हे सगळं लिहिलं, मिशनने आणलेल्या छपाईच्या विद्येवर. काओमीने स्वतः लिहिलेली एक ओळ आपल्यापुढे नाही. म्हणजे त्याच्यावरचं प्रेमही नाराज माणसाच्या शाईतून वाचायचं. पण बघ, नाराज माणसालाही तो प्रसंग गाळवला नाही. हात, दोरी, झटापट, सगळं लिहून ठेवलंन.

आता मामांचं. तू लिहिलंस, बोलणं बंद केलंय. वडील गेल्यापासून त्यांनी तुला सांभाळलं, पहिली सायकल घेऊन दिली, आणि आता तुझ्या खोलीचं भाडंही त्यांच्याच खात्यातून जातं. हे तूच मला सांगितलेलं आहे. मग दोन सरळ गोष्टी. भाषणातून मामांना काही कळवू नकोस. कोणीतरी चित्रफीत काढेल, ती संध्याकाळपर्यंत तुमच्या कुटुंबाच्या गटावर पडेल, आणि मामांना तुझं म्हणणं तुझ्या तोंडून न कळता चुलत मेहुण्याच्या मोबाइलमधून कळेल. मामांचं नाव असलेलं ते वाक्य तर काढच. आणि परीक्षा होऊन पहिला पगार हातात येईपर्यंत घराबाहेर पडण्याची भाषा करू नकोस. भित्रा सल्ला वाटेल. वाटू दे. राजाच्या पाठीशी राज्य होतं, तुझ्यापाशी फक्त शिष्यवृत्ती आहे, तीही तीन महिने थकलेली.

राजाने म्हाताऱ्याशी वाद घातला नाही, हे बघितलंस? आधी गाठ सोडवली. आडवा आला तेव्हा झुंजला. आणि नंतर? काउआईचा कारभार १८३९ मध्ये मरेपर्यंत काइकिओएवाकडेच राहिला. पुढे दोघं एकमेकांसमोर बसून जेवले असतील तेव्हा काय बोलले असतील, यावर मी रात्री विचार करत बसतो. म्हातारपणी असले उद्योग असतात.

मामा काइकिओएवा आहेत की नाहीत ते तू ठरव. माणूस तुला शिळेवरून उचलणारा आहे एवढं मला दिसतं.

माझं म्हणशील तर माझ्यावर दोरी कोणी बांधलीच नाही. १९९१ मध्ये मी अमेरिकन बोर्डाच्या मुंबईतल्या आणि हवाईतल्या कामावर एक लेख केला होता, एका अंकासाठी. त्यात काओमीवर दोन परिच्छेद होते. पाठवायच्या आदल्या रात्री ते मी काढले. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी वाचलंही नव्हतं. बाजूच्या खोलीत माझा एक स्नेही झोपला होता. त्याचं नाव त्या दोन परिच्छेदांत नव्हतं, तरी मला वाटलं, लोक वाचतील आणि ओळखतील. तो पुढे लग्न करून नाशिकला गेला. लेख छापून आला, बऱ्यापैकी कौतुकही झालं. तुझ्या टिपणातली गाळलेली जागा मला इतक्या चटकन दिसली ती काही फार अभ्यासामुळे नव्हे.

रविवारी नगरला येतोस का? सकाळची गाडी धर, जेवायला पोच. मथळा दोघं मिळून बदलू.

तुझे,
सर

ता. क. ते दोन परिच्छेद जुन्या फाइलीत सापडले, फोटो सोबत जोडतो. टाइपरायटरवरचे आहेत. त्या यंत्राचा 'ळ' उठत नसे, म्हणून मध्ये मध्ये जागा कोरी दिसेल. तिथे तू भरून वाच.